हर्पिस असताना टमी टक: गोळ्या, पट्टा आणि टाक्यांचा हिशेब

हर्पिस (ओठावर किंवा जननेंद्रियाजवळ पुन्हा पुन्हा फोड आणणारा विषाणू) असला की टमी टक (पोटाची सैल कातडी काढण्याची शस्त्रक्रिया) किंवा लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) होत नाही, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांच्या शरीरात एचएसव्ही-१, म्हणजे हर्पिसच्या विषाणूचा एक प्रकार, आहे. त्या सगळ्यांना कोणी शस्त्रक्रिया नाकारत नाही. अडतं ते अंगावर ताजे फोड असताना. तेव्हा तारीख पुढे ढकलायची, खपल्या गळून खालची कातडी भरून येईपर्यंत. ‘दोनच फोड आहेत’ म्हणून लपवू नका.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधी सांगणं. शस्त्रक्रियेपूर्वीच्या ‘व्हायरल मार्कर’मध्ये एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासतात; हर्पिस त्यात नसतो. तुम्ही सांगितलं नाही तर सर्जनला कळणार नाही. सांगताना ‘हर्पिस सिम्प्लेक्स’ असं पूर्ण नाव घ्या, कारण नुसतं हर्पिस म्हटलं की समोरचा नागीण समजतो, आणि नागिणीचा विषाणू वेगळा. आयजीजीचा (रक्तातल्या प्रतिपिंडांचा) रिपोर्ट दाखवून फारसा उपयोग नाही, तो फक्त पूर्वी कधीतरी लागण झाल्याचं सांगतो. फोड कुठे येतात, वर्षातून कितीदा, शेवटचे कधी आले, ही माहिती कामाची.

भूलतज्ज्ञालाही हे स्वतंत्रपणे सांगा. मणक्यातून भूल देताना मॉर्फिन वापरलं तर ओठावरचा हर्पिस पुन्हा उठू शकतो. सिझेरियननंतर हे अनेकदा दिसलेलं आहे.

विषाणूविरोधी गोळ्यांबद्दल माझं मत चांगलं आहे. वारंवार फोड येणाऱ्यांना व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिग्रॅ रोज एकदा, किंवा असायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. चेहऱ्याच्या लेसरसाठी ५०० मिग्रॅ दोनदा, १० ते १४ दिवस, अशी पद्धत आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेत ती प्रत्येकाला लागत नाही, ते सर्जन ठरवतील. दोन्ही औषधं मूत्रपिंडातून बाहेर पडतात. लायपोनंतर पाणी कमी पडलं, त्यात डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं चालू असली, की मूत्रपिंडावर ताण येतो. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट दाखवल्याशिवाय गोळी सुरू करू नका. मलम मात्र निराशाजनक: फोड येऊ नयेत म्हणून त्याचा उपयोग नाही, आणि टाक्यांवर तर ते लावूच नये.

खरा घोळ होतो तो बधिरपणामुळे. टमी टकनंतर बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर राहते, आणि नसा जाग्या होताना तिथे मुंग्या येतात, टोचतं. हर्पिस उठण्याआधीही अशाच मुंग्या येतात. त्यामुळे संवेदनेवर विसंबू नका. रोज अंघोळीनंतर आरशात पाहा. लालसर कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पाणीदार फोडांचा घोस दिसला तर हर्पिसचा संशय घ्या. टेपच्या कडेला एकटाच मोठा फुगा असेल तर बहुधा टेपने कातडी ओढल्याने आलेला फोड. दोन्ही फोडायचे नाहीत. पहिल्या दिवशीच फोटो काढून पाठवा, कारण विषाणूविरोधी गोळी पहिल्या २४ तासांत सुरू झाली तरच पुरता उपयोग. ताज्या फोडातला स्वॅब पीसीआरला (विषाणू ओळखणाऱ्या तपासणीला) दिला तर प्रश्न मिटतो. खपली धरल्यावर नमुना नीट मिळत नाही. याच बधिर पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

प्रेशर गारमेंट (शस्त्रक्रियेनंतर पोटाला घट्ट बसणारा पट्टा) बहुतेक जण सहा आठवडे वापरतात. जांघेत शिवण येणारा नमुना घेऊ नका. जननेंद्रियाजवळ हर्पिस येणाऱ्यांना तिथलं घासणं आणि घाम नेमका नको असतो. शिवण मांडीच्या मध्यावर येणारा, खाली मोकळा कापलेला नमुना सोसतो. दोन घ्या, एक धुवायला. विषाणू कपड्यावर फार टिकत नाही, साधा साबण पुरतो. फोड असताना मात्र त्यांना हात लावून मग ड्रेन (जखमेतला द्रव बाहेर काढणारी नळी) किंवा टाक्यांना हात लावू नका. आधी साबणाने हात धुवा, आणि ड्रेनची नोंद करणाऱ्या घरच्यांनाही तेच सांगा.