कालव्यावरचा पादचारी-सायकल पूल: ट्रस, गर्डर, काँक्रीट की एफआरपी?

पुलाचा प्रकार ठरवताना आधी चौरस मीटरचा दर विचारला जातो. कालव्यावर त्याआधी विचारायचं ते हे, की सायकल चालवायची पातळी पाण्याच्या किती वर जाणार? पुण्याचा मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघून पर्वती, स्वारगेट, हडपसर अशा भरवस्तीतून जातो आणि रॅम्पला काठावर जागा मोजकीच असते. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) 24 मीटर आणि रुंदी 4 मीटर धरू. गर्दीचा भार चौरस मीटरला 500 किलो, म्हणजे एकूण 48 टन.

लोखंडी गर्डरवर, म्हणजे पुलाखालच्या लांब मुख्य तुळयांवर, काँक्रीट स्लॅब घेतला तर गर्डरची उंची गाळ्याचा विसावा भाग, म्हणजे 1.2 मीटर, आणि वर 15 सेंटिमीटर स्लॅब. ट्रस म्हणजे सळ्यांच्या त्रिकोणांची उभी चौकट. हाफ-थ्रू ट्रसमध्ये लोक अशा दोन ट्रसच्या मधून जातात. पायाखाली फक्त आडवे बीम आणि डेक (चालायचा पृष्ठभाग), साधारण 40 सेंटिमीटर. फरक 95 सेंटिमीटरचा. 1:20 उताराला तो एका काठावर 19 मीटर, दोन्ही मिळून 38 मीटर जादा रॅम्प मागतो. रॅम्पला जागा मिळाली नाही की जिना येतो, त्याच्या कडेला सायकल ढकलायची पन्हळ बसते आणि सायकलवाले ती टाळून मोठ्या रस्त्यानेच जातात. त्यामुळे दाट वस्तीत आम्ही ट्रसच सुचवू. रस्ता आधीच उंचावर असेल तिथे मात्र गर्डर सरस, कारण 36 टनांचा स्लॅब पुलाचं थरथरणं बरंच शांत करतो.

ट्रसचं दुखणं वरच्या पट्टीत असतं. तिला वरून आडवा आधार नसल्याने ती बाजूला वाकू पाहते. तिला धरून ठेवतात ते उभे खांब आणि आडवे बीम यांचे ताठ जोड. हे जोड स्वस्तात उरकू नका. आतल्या बाजूला हँडलच्या उंचीवर गुळगुळीत आडवा पाइप लावा, नाहीतर हँडल तिरक्या सळ्यांत अडकतं. सायकलसाठी कठडा 1.4 मीटर ठेवा. डेकला नुसती चेकर्ड प्लेट पावसाळ्यात निसरडी होते. इपॉक्सीत क्वार्ट्‌झची कच बसवलेला थर चांगला.

थरथरीचा अंदाज कागदावरच घेता येतो: 18 ला पुलाच्या स्वतःच्या वजनाने येणाऱ्या झोकाच्या, म्हणजे मध्यावर खाली वाकण्याच्या, (मिलिमीटरमधल्या) वर्गमुळाने भागा; उत्तर हर्ट्‌झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं ते, मिळतं. 13 मिलिमीटरला 5 हर्ट्‌झ येतात, तिथे चिंता नाही. 36 ला 3 हर्ट्‌झ येतात; माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, धावणारा त्याहून जास्त, म्हणून इथे सविस्तर तपासणी हवीच. आडवं डोलणं वेगळं तपासा. लंडनचा मिलेनियम ब्रिज 2000 मध्ये त्याच कारणाने उघडल्यावर दोन दिवसांत बंद करावा लागला होता.

एफआरपी (तंतूंनी बळकट केलेलं प्लास्टिक) गंजत नाही, वजन लोखंडाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून मोठी क्रेन पोहोचत नाही अशा बोळात तो कामाचा. पण त्याचा ताठपणा लोखंडाच्या दहाव्या भागाजवळ, त्यामुळे मजबुती पुरूनही झोक जास्त येतो. काठावर कचरा जाळला जात असेल तर एफआरपी टाळा. जागेवर पाडलेलं प्रत्येक भोक रेझिनने बंद करा, नाहीतर कडेतून पाणी शिरतं.

जागेवर ओतायच्या काँक्रीट पुलाला देखभाल कमी, पण सेंटरिंग (ओल्या काँक्रीटला तात्पुरता आधार देणारा सांगाडा) कालव्यात उभं राहतं. दोन आवर्तनांमध्ये (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्यांमध्ये) पुरेसे कोरडे दिवस मिळणार नसतील तर तो पर्याय सोडा.

पाया मात्र चारही पर्यायांत सारखाच जपायचा. 27 सप्टेंबर 2018 रोजी दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटून वस्त्यांत पाणी शिरलं होतं. अबटमेंट (पुलाच्या टोकाचा आधार) काठाच्या भरावावर टेकवू नका. पाइल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) भरावातून खाली मूळ खडकापर्यंत न्या आणि पाइलभोवतीची फट ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरा, नाहीतर पाणी तिथूनच वाट काढतं. क्रेनचे पायही भरावाच्या कडेपासून लांब ठेवा. गाळ काढणारा पोकलेन काठाने जाऊ शकेल एवढी वाट रॅम्पखाली किंवा बाजूला सोडा. जलसंपदा विभागाची परवानगी मागायला जाण्याआधी ही वाट नकाशावर मापासह दाखवा.