फोटोतला ससा कोणी विणलाच नव्हता

क्रोशाचे पॅटर्न, म्हणजे वस्तू कशी विणायची याच्या लेखी सूचना, ऑनलाइन विकत घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

विणकामाच्या एका ग्रुपवर लोकरीच्या सशाचा फोटो आला. इतका गोड, की बघताक्षणी करायला घ्यावासा वाटावा. खाली लिहिलं होतं, ‘मी स्वतः विणलाय, नवशिक्यांनाही जमेल.’ पैसे भरले, पॅटर्नची पीडीएफ आली आणि मी सुई हातात घेतली.

सुरुवात ठीक होती. सुरुवातीच्या रिंगमध्ये 6 मुके खांब (क्रोशातला साधा, आखूड टाका), मग प्रत्येक टाक्यात वाढ, म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके, असे झाले 12, तिसऱ्या फेरीत 18. चौथ्या फेरीत ‘दोन मुके खांब, एक वाढ, असं 6 वेळा’ आणि पुढे एकूण टाके 30! होतात 24. तिथून पुढे कशाचाच कशाला मेळ नव्हता. कान कुठे जोडायचे, तेही दिलेलं नाही.

मग फोटो मोठा करून पाहिला. खऱ्या क्रोशात टाके सुटे दिसतात, फेऱ्या मोजता येतात. इथे कानाजवळ टाके एकमेकांत विरघळलेले आणि पंजावर चक्क दोन सुयांच्या विणकामाचा पोत. ते एआयने काढलेलं चित्र होतं. विकणाऱ्या व्यक्तीला विचारलं, तर उत्तर आलं, ‘तुमची लोकर जाड असेल.’ लोकर जाड असो की बारीक, टाक्यांचा हिशोब बदलत नाही! हे लिहिल्यावर मला ब्लॉक केलं.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. अशाच ग्रुपवर अनोळखी बायकांनी मला एकेक टाका व्हिडिओ करून शिकवलाय, तोही फुकट. त्या विश्वासावर हे लोक धंदा करतात. आणि जी बाई एक पॅटर्न चार वेळा उसवून बसवते, तिचं काम यांच्या गर्दीत दिसतही नाही.

म्हणून आधी अर्धवट विणलेल्या, सुईवर असलेल्या कामाचा फोटो मागा. उलटी बाजू दाखवायला सांगा. तोच पॅटर्न दुसऱ्या कोणी विणलाय का, ते शोधा. तयार वस्तू घेतानाही हेच. बाजारातलं क्रोशे हातानेच होतं, त्यामुळे ते मातीमोल किमतीत मिळत असेल, तर विणणारीला जवळपास काहीच मिळालेलं नसतं किंवा फोटोतली वस्तू येणारच नसते. तक्रार करून पैसे परत मागता येतील अशाच मार्गाने पैसे भरा.

तोच ससा आता दुसऱ्या नावाने विकायला आलाय. रंग फक्त राखाडी केलाय, पंजा तसाच आहे.