आरओची एएमसी: मेंब्रेन कराराबाहेर असेल तर पैसे भरू नका

मशीनबद्दल तक्रार नाही. नेहमीचंच आरओ-यूव्ही, ८० जीपीडीचं (दिवसाला ८० गॅलन) मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा मुख्य फिल्टर, पाण्याची चव चांगली. हा रिव्ह्यू वॉरंटी संपल्यावर घेतलेल्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा आहे आणि निमित्त मेंब्रेनच्या कोटेशनचं. फोनवर 'सगळं कव्हर आहे' सांगून प्लॅन विकला जातो. पावतीच्या मागे बारीक अक्षरात असतं, 'सेडिमेंट, कार्बन, मेंब्रेन वगळून'. म्हणजे सगळे फिल्टर बाहेर. मग उरतं काय? पंप, अ‍ॅडॉप्टर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि मजुरी. हे भाग सहसा वर्षानुवर्षं चालतात. जे हमखास झिजणार, नेमकं तेच कराराबाहेर. याचे दोन-अडीच हजार घेणं ही सरळ फसवणूक आहे.

त्याहून संताप येतो तो 'मेंब्रेन गेलं' हे ठरवण्याच्या पद्धतीचा. आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६००, मशीनच्या नळाला १५०, की लगेच कोटेशन. पण मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह. तो मेंब्रेनमधून न गेलेलं पाणी थोडं मिसळतो. स्क्रू जरासा सैल केला की मेंब्रेन कोरं असलं तरी आकडा चढतो. म्हणून नळाचं पाणी मोजून काही ठरवू नका. मेंब्रेनच्या हाउसिंगला एकाच टोकाला दोन नळ्या असतात: मधली शुद्ध पाण्याची, बाजूची रिजेक्टची, म्हणजे टाकाऊ पाण्याची. मधली नळी काढून भांड्यात धरा, सुरुवातीची चार-पाच मिनिटं पाणी सोडून द्या, मग मोजा. ६०० चे ३० ते ६० झाले तर मेंब्रेन ठणठणीत. १२० च्या वर गेलं तर बदला. दोन-तीनशे रुपयांच्या टीडीएस मीटरवर हे घरी होतं.

प्रवाहही बघा. पाच मिनिटांत ७०० ते ८०० मिली आलं तर पुरेसं. धार बारीक पण टीडीएस ठीक असेल, तर आधी बाहेरच्या बाउलमधला स्पन फिल्टर आणि सेडिमेंट बघा, बहुतेक वेळा तिथेच गाळ अडलेला असतो. रिजेक्टचं पाणी जवळजवळ बंद झालं असेल तर फ्लो रिस्ट्रिक्टर (टाकाऊ पाण्याचा प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा भाग) तुंबलाय. तो तसाच ठेवून नवं मेंब्रेन बसवलं तर त्यावरही क्षार साचून ते लवकर जातं.

एएमसी घेऊच नये, असं आधी ठाम मत होतं. ते आता थोडं बदललंय. बोअरचं किंवा टँकरचं हजाराच्या आसपास टीडीएसचं पाणी असेल तर मेंब्रेनसकट असलेला प्लॅन परवडतो, पण 'मेंब्रेन एकदा मोफत' हे पावतीवर लिहून घ्या. याउलट मुंबईसारखं धरणाचं पालिकेचं पाणी असेल तर मुळात आरओची गरज नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचा टीडीएस चालतो. तिथे यूव्ही-यूएफ (अतिनील दिवा आणि बारीक गाळणी) पुरतं.

तरीही लोक आरओ घेतात ते विक्रेत्याचा दोन ग्लासांचा प्रयोग बघून. नळाच्या पाण्यात विजेला जोडलेल्या दांड्या बुडवल्या की पाणी तपकिरी होतं, आरओचं स्वच्छ राहतं. त्यातली लोखंडी दांडी विजेने विरघळते, रंग त्या लोखंडाचा. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज फारशी वाहत नाही. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तसंच गढूळ होईल.

सर्व्हिसचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, मशीनवरच्या स्टिकरवरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून घ्या. मिळत्याजुळत्या नावाच्या पावत्या फाडणारे बरेच आहेत. काम पूर्ण झाल्याची नोंद करणारा कोड पाणी तपासल्याशिवाय देऊ नका. काढलेला जुना पार्ट ठेवून घ्या.

वाद झालाच तर आधी कंपनीला ईमेल करा, त्यात पावतीचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जा. घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीत 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' असंच लिहा. 'अनुचित करार' असा दावा केला तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं.