'सहयोगाने' या एका शब्दात माझी दोन वर्षं गेली

हॉटेल आणि पर्यटन व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचा विचार करणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. माझी दोन वर्षं गेली, घरच्यांची साठवलेली रक्कम गेली, आणि शेवटी हातात जो कागद आला त्यावर 'पदवी' हा शब्दच नव्हता. संस्थेचं नाव लिहीत नाही. हा प्रकार एकाच पाटीखाली चालत नाही, त्यामुळे नाव कळण्यापेक्षा पद्धत कळणं जास्त गरजेचं आहे.

पदवीनंतर मी दोन वर्षं एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला होते. चेक-इन, चेक-आउट, रात्रपाळीला नाइट ऑडिट, म्हणजे दिवसभराच्या हिशेबाचा ताळा. काम मनापासून आवडायचं. पण आमच्या रेव्हेन्यू मॅनेजरच्या टेबलावर जे चालायचं ते मला जास्त ओढायचं. पुढच्या तीन महिन्यांचं बुकिंग बघून कुठल्या तारखेला दर चढवायचा, कुठल्या तारखेला मोठ्या ग्रुपलाही नाही म्हणायचं, हे तो ठरवायचा. ते नीट शिकायचं म्हणून मास्टर्स करायचं ठरवलं. एका ठिकाणी चौकशीचा फॉर्म भरला आणि त्याच संध्याकाळी फोन आला.

फोनवरच्या ताई स्वतःला करिअर समुपदेशक म्हणवत होत्या. माझ्या अनुभवाबद्दल इतक्या आपुलकीने विचारलं की आपल्यासाठी कोणीतरी वेळ काढतंय असंच वाटलं. प्रत्येक प्रवेशामागे त्यांना कमिशन मिळतं हे मला खूप उशिरा कळलं. कमिशन घेणं हा गुन्हा नाही, पण ते आधी सांगायला हवं होतं.

माहितीपत्रक सुंदर होतं. मुखपृष्ठावर बर्फाचे डोंगर, आत स्वित्झर्लंडमधल्या आतिथ्यशिक्षणाची १८९३पासूनची परंपरा. साल खरं आहे, लोझानचं हॉटेल स्कूल त्याच वर्षी सुरू झालं. पण या संस्थेचा लोझानशी काडीचा संबंध नव्हता. वाक्य असं बेतलं होतं की त्यात एक अक्षर खोटं नाही, आणि वाचणाऱ्याचा समज मात्र त्यांना हवा तोच होतो. त्याखाली ठळक अक्षरांत एका परदेशी विद्यापीठाचं नाव आणि पुढे 'यांच्या सहयोगाने मास्टर्स पातळीची आंतरराष्ट्रीय पात्रता'. आता ते पुन्हा वाचते तेव्हा दिसतं, त्यात मास्टर्सची पदवी देऊ असं कुठेच म्हटलेलं नाही. 'सहयोगाने' म्हणजे काय, 'पातळीची' म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

एक प्रश्न मी विचारला होता. "पदवी विद्यापीठाचीच मिळणार ना?"

"सर्टिफिकेटवर त्यांचा लोगो असतो मॅडम. शिवाय आम्ही अपोस्टिल करून देतो, म्हणजे जगात कुठेही चालतं."

या उत्तरात मी फसले. अपोस्टिल म्हणजे १९६१च्या हेग करारानुसार कागदावर लागणारी मोहोर. कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे, एवढंच ती सांगते. आतला मजकूर खरा आहे का, देणाऱ्या संस्थेला पदवी द्यायचा अधिकार आहे का, याच्याशी तिचा संबंध नाही. खासगी संस्थेच्या कागदावर आधी नोटरीची सही घेतली, तर पुढची मोहोर त्या नोटरीच्या सहीची असते. म्हणजे बिनकामाच्या प्रमाणपत्रालाही कायदेशीर अपोस्टिल मिळू शकतं. माझ्याला मिळालं.

दुसरी भूल लोगोंची. शेवटच्या पानावर सहा-सात चिन्हं होती, त्यात संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचं नाव बघून माझी शंकाच मिटली. ही संघटना २०२४पासून यूएन टुरिझम या नावाने ओळखली जाते, आधी यूएनडब्ल्यूटीओ म्हणायचे. तिचं संलग्न सदस्यत्व कंपन्या, संघटना, शिक्षणसंस्था असे पुष्कळजण घेतात. अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून दिलं जाणारं तिचं टेडक्वाल नावाचं प्रमाणपत्र निराळं असतं, आणि ते ठरावीक मुदतीसाठी असतं. या दोन्हींपैकी कशामुळेही पदवी द्यायचा अधिकार मिळत नाही, तो त्या त्या देशाच्या कायद्यानेच मिळतो. सदस्य, संलग्न, प्रमाणित, मान्यताप्राप्त हे चार शब्द मी एकच समजत होते. कृपा करून तुम्ही समजू नका.

"तीनच जागा उरल्यात" असं सांगून दोन दिवसांत पैसे भरायला लावले. पावतीवर संस्थेचं नाव नव्हतं, भलत्याच कंपनीचं होतं, आणि रक्कम 'नोंदणी व सेवा शुल्क, परतावा नाही' या सदराखाली. बाबांनी विचारलंही होतं, "शिक्षणाची फी आहे तर पावतीवर सेवा शुल्क का?" हिशेबाच्या सोयीसाठी असेल, असं मीच उत्तर दिलं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

पहिलं सत्र वाईट नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. रेव्हेन्यू मॅनेजमेंट शिकवायला आलेले सर खरोखर त्या क्षेत्रात राबलेले होते. रेव्हपार, म्हणजे प्रत्येक उपलब्ध खोलीमागचं उत्पन्न. खोल्या भरण्याचं प्रमाण गुणिले सरासरी दर. सूत्र कोणालाही पाठ होतं. पण सरांनी दाखवलं की एक हॉटेल खोल्या भरून आणि दुसरं दर राखून त्याच रेव्हपारला पोचतं, तरी दोघांचा नफा वेगळा येतो, कारण प्रत्येक जास्तीच्या भरलेल्या खोलीमागे धुलाई, साफसफाई, कमिशन असा खर्च वाढतो. मग हॉटेलच्या हिशेबाची एकसारखी पद्धत शिकवली, न्यू यॉर्कच्या हॉटेल संघटनेने १९२६ साली जी पहिल्यांदा छापली, आणि जिच्या सुधारित आवृत्त्या आजही हॉटेलांत चालतात. ते दोन महिने मी रोज आनंदाने वही भरत होते. एके सोमवारी सर आलेच नाहीत. चार महिन्यांचं मानधन थकलं होतं म्हणून त्यांनी सोडलं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांच्या जागी आलेल्या व्यक्तीने स्लाइड वाचून दाखवायला सुरुवात केली. प्रयोगशाळेतल्या हॉटेल सॉफ्टवेअरची चाचणी मुदत संपलेली होती, पडद्याच्या मधोमध लाल चौकट यायची, आणि तिच्या कडेने दिसतील तेवढी बटणं बघून आम्ही शिकायचो.

दुसऱ्या वर्षी परदेशी इंटर्नशिप. माहितीपत्रकात शब्द होते 'पगारी, व्यवस्थापकीय, सर्व विभागांत फिरती'. विमानाच्या आदल्या आठवड्यात सह्यांसाठी करार आला. तो माझ्यात आणि एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीत होता, हॉटेलचं नाव फक्त परिशिष्टात. सहा महिने मी एकाच विभागात होते, हाउसकीपिंगला. रोज पंधरा खोल्या, चादरी ओढायच्या, बाथरूम घासायचं, ट्रॉली ढकलायची. या कामाला मी कमी लेखत नाही. हाउसकीपिंगवाचून हॉटेल एक दिवस चालत नाही, आणि तिथल्या बायकांनी मला जेवढं सांभाळून घेतलं तेवढं कोणी घेतलं नाही. पण ती नोकरी होती, आणि ती मिळवायला मी फी भरली होती. पगारातून राहण्याचे आणि एजन्सीचे पैसे कापून जात.

प्रबंधासाठी मी विषय मांडला होता, इंटर्नशिपच्या त्या पर्यटनस्थळाला पर्यटन-अभ्यासक बटलरचं १९८०चं जीवनचक्राचं प्रारूप लावून बघायचा. शोध, सहभाग, विकास, दृढीकरण, साचलेपण आणि मग उतार किंवा नवी उभारी. त्या गावात साचलेपण डोळ्यांना दिसत होतं, माझ्याकडे नोंदी होत्या. मार्गदर्शकांना पाच ई-मेल केल्या, एकाचंही उत्तर नाही. तरीही प्रबंधाला श्रेणी मिळाली. तो उघडून वाचला गेला असेल असं मला वाटत नाही.

नंतर कळलं की अशा इंटर्नशिपला काही ठिकाणी लेखी नियम आहेत. अमेरिकेच्या जे-१ या प्रशिक्षणार्थींना मिळणाऱ्या व्हिसावर हॉटेल आणि पर्यटनातलं सहा महिने किंवा त्याहून मोठं प्रशिक्षण असेल, तर किमान तीन विभागांत किंवा कामांत फिरती असावी लागते. डीएस-७००२ नावाचा प्रशिक्षण आराखडा आधी भरावा लागतो, आणि त्यावर प्रशिक्षणार्थी, यजमान संस्था आणि प्रायोजक अशा तिघांच्या सह्या लागतात. मी त्या देशात नव्हते. पण कुठेही जात असाल तरी असा आराखडा मागा: कोणत्या विभागात किती आठवडे, देखरेख कोणाची, मूल्यमापन कोण करणार. तो द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर विमानात बसू नका.

प्रमाणपत्र जाड क्रीम रंगाच्या कागदावर होतं. वर सोनेरी शिक्का, उजवीकडे विद्यापीठाचा लोगो. मधे लिहिलेलं 'पदव्युत्तर पदविका'. खाली दोन सह्या, दोन्ही संस्थेच्याच माणसांच्या. विद्यापीठाच्या कुलसचिवाची सही नाही, अनुक्रमांक नाही, श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) उल्लेख नाही. मी कागद उलटून बघितला, मागे काही असेल म्हणून. मागची बाजू कोरी होती.

रीतसर दोन वर्षांची पदवी असती तर युरोपच्या पद्धतीत श्रेयांकांचा हिशेब सोबत आला असता. पूर्णवेळ एका वर्षाचे ६० श्रेयांक, मास्टर्सचे सहसा ९० ते १२०. पुढे एका सरकारी विद्यापीठात अर्ज केला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोच हिशेब मागितला. मग मी परदेशी पात्रतांची माहिती देणाऱ्या अधिकृत केंद्राला लिहिलं. अशी राष्ट्रीय केंद्रं एनिक-नारिक या जाळ्यातून जोडलेली आहेत. उत्तर दोन परिच्छेदांचं आलं: देणारी संस्था त्या देशाच्या उच्चशिक्षण व्यवस्थेत मान्यताप्राप्त नाही, सबब समकक्षता देता येत नाही. त्याच दिवशी धीर करून मी विद्यापीठालाही लिहिलं. हे पत्र दोन वर्षं आधी लिहायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी उत्तर. आमचा या संस्थेशी फक्त अध्यापकांच्या देवाणघेवाणीचा करार होता, तो तुमच्या प्रवेशाआधीच संपला, पदवी देण्याचा करार कधीच नव्हता. किती सभ्य आणि सरळ पत्र होतं ते. वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, आई काही न विचारता जवळ येऊन बसली.

पैशांपैकी फक्त इंटर्नशिपचं शुल्क परत मिळालं. 'सर्व विभागांत फिरती' हे माहितीपत्रकात छापलेलं होतं, आणि जुनी प्रत माझ्याकडे जपलेली होती. संस्थेने नंतर ते पान बदललं. फोनवर दिलेल्या एकाही आश्वासनाचा पुरावा माझ्याकडे नव्हता, म्हणून बाकीची तक्रार उभी राहिली नाही. तेव्हा समुपदेशकाला प्रत्येक प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. फोनवर बोलणं झालं असेल तर "आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?" असा ई-मेल लगेच पाठवा. माहितीपत्रकाची तारखेसह प्रत ठेवा.

विद्यापीठाला पत्र लिहायला इंग्रजी चांगलं लागत नाही. तीन गोष्टी विचारायच्या: या संस्थेतून हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर पदवी तुमच्या नावाने आणि तुमच्या कुलसचिवाच्या सहीने मिळते का, करार कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि माझी नोंदणी तुमच्याकडे विद्यार्थी म्हणून होईल का. पत्ता संस्थेने दिलेला घेऊ नका, विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा घ्या. स्वित्झर्लंडचं नाव दाखवत असतील तर आणखी एक बघा. तिथे २०१५पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे 'विद्यापीठ' हे नाव लावायला संस्थेची अधिकृत मान्यता लागते, आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघड असते. यादीत नसलेली संस्था स्वतःची पदविका देऊ शकते, पण ती पदविका आणि विद्यापीठाची मास्टर्स पदवी एक नव्हे.

माझ्या बॅचला एकवीसजण होतो. त्यांतल्या नऊजणांशी बोलून मी सगळ्यांच्या पावत्या, करार आणि प्रमाणपत्रांच्या प्रती एका ठिकाणी जमवल्या आहेत. संस्थेच्या नव्या माहितीपत्रकात आता दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव आहे, शब्द तोच, 'सहयोगाने'. त्या विद्यापीठाला मी गेल्या मंगळवारी पत्र पाठवलं, सोबत माझ्या प्रमाणपत्राची प्रत जोडली. उत्तराची वाट बघते आहे.