भोवरे मोजले, पाठ पाहिली नाही

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडं घ्यायला गेलेला माणूस सगळ्यात आधी अंगावरचे केसांचे भोवरे मोजतो. मीही मोजले. गळ्यावर देवमन हा शुभ भोवरा होता, डोळ्याखाली आसूढाळ हा अशुभ भोवरा नव्हता. दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले. दलालाने दोनदा रेवाल या न उसळत्या, भरभर चालीत फिरवून दाखवली. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, उंच, सडपातळ घोडी आणि अंगावर भरजरी झूल. झूल काढा म्हटलं तर तो म्हणाला, "भाऊ, रात्रभर टेम्पोत उभी होती, घामाघूम झालीय. या थंडीत उघडी केली तर आजारी पडेल." डिसेंबरातली तिथली पहाट खरंच बोचरी असते, त्यामुळे मला पटलं. त्याने झुलीचं मागचं टोक उचललं, मागचा पुठ्ठा, म्हणजे ढुंगण, थोपटून दाखवला आणि टोक परत सोडलं. मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला, 85 हजार.

आमचा धंदा माथेरानचा. दस्तुरी नाक्याच्या पुढे खाजगी गाडी जात नाही, म्हणून पर्यटक घोडा करतात आणि आमची चूल पेटते. पोट ज्या पाठीवर भरायचं तीच पाठ मी न बघता घेतली. हे लिहायला लाज वाटते, पण पुढच्या यात्रेला जाणाऱ्यांपैकी एकाने जरी झूल काढायला लावली तरी पुरे.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी ओल्या फडक्याने तिला पुसली तेव्हा फडकं तपकिरी झालं. प्रवासाची धूळ असेल म्हणून सोडून दिलं. वडिलांनी माझा हात धरून बोटं बघितली. "धूळ धुतली की जाते रे, ही नखांत बसलीय." मी हसण्यावारी नेलं. नवीन घोडं घेतलेल्या माणसाला कोणी काही सांगू नये, तो ऐकत नाही.

जानेवारीत तिला कामावर लावली. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळायला घेतला की कान मागे टाकून दात दाखवायची, गिऱ्हाईक बसलं की पाठ खाली दाबून घ्यायची. मी म्हणायचो, नखरे आहेत, नवीन आहे, रुळेल. दोनदा चाबूकही दाखवला. ती मला तोंडाने सांगू शकत नव्हती ते अंगाने सांगत होती, आणि मी तिलाच शिस्त लावत होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी थंडीचे दाट केस झडायला लागले आणि खालून खरी पाठ वर आली. मानेच्या मुळाशी खांद्यांमधला जो उंचवटा असतो त्याच्या दोन्ही बाजूंना बिस्किटाएवढे दोन पांढरे चट्टे, केसांच्या टोकाला अजून मेंदीसारखा तपकिरी रंग लागलेला. डाव्या बाजूची कातडी हाताला जाड, निबर लागत होती. तिथेच आमच्या खोगिराने आता केस उडवले होते आणि मधोमध ओलं दिसत होतं.

तिथे शहाणपण यायला हवं होतं, पण मी दुसऱ्यांदा फसलो. तबेल्यांत औषधं विकत फिरणारा एक माणूस आला. 15 दिवसांत केस, तेही मूळ रंगाचे, असं म्हणत त्याने 1,200 रुपयांना तेलाची बाटली दिली. बाटलीवर नाव नाही, आत काय आहे ते नाही. "आग झाली तर समजायचं औषध लागू पडतंय." वर 6,500 रुपयांना जेलचा पॅड, तो खोगिराखाली घातला की घोडी कामावरून काढायची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. सीझन तोंडावर होता, मला हेच ऐकायचं होतं. तिसऱ्या दिवशी कातडी सोलून निघाली.

मग डॉक्टर आले. पहिला प्रश्न, "यात काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि मला पाठ शिकवली, ती इथे देतो.

खोगिराखाली केस गेले म्हणजे एकच रोग असं नाही. नुसतं घासून केस तुटले आणि कातडी शाबूत असली, तर घासणं थांबल्यावर काही आठवड्यांत ते येतात, तेलाशिवाय येतात. बाटलीवाले जगतात ते याच्यावरच. गोल गोल चट्टे, कडेला कोंडा, आणि ते खोगिरापुरते न राहता पसरायला लागले तर नायटा समजावा. तो खराऱ्यातून (अंग घासायच्या ब्रशातून), झुलीतून एका घोड्याचा दुसऱ्याला लागतो आणि माणसालाही लागतो. पावसाळ्यात पाठीवर खपल्या धरतात आणि ओढली की केसांचा झुबका खपलीसकट ब्रशसारखा हातात येतो, तो जंतूंचा त्रास, अंग ओलं राहिल्याचा. आमच्याकडच्या पावसात हे दरवर्षी दिसतं.

पांढऱ्या केसांची गोष्ट वेगळी. खोगिराचा दाब एकाच जागी तास न् तास राहिला की तिथलं रक्त अडतं, आतलं मांस आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात. केस पुन्हा उगवले तरी ते पांढरेच, आणि ते कायमचे. मूळ रंग परत आणून देतो म्हणणारा खोटं बोलतो, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं असतं तरी माझे 7,700 रुपये वाचले असते. पांढरा ठिपका म्हणजे जुन्या जखमेची पावती. ठिपका असलेला घोडा घेऊच नये असं नाही, बरे झालेले कितीतरी घोडे नीट काम करतात. पण किंमत त्या हिशोबाने व्हायला हवी, आणि खोगीर त्या पाठीला बघून घ्यायला हवं.

आमचं खोगीर एका रुंद पाठीच्या जुन्या घोड्याचं होतं. ते या उंच खांद्याच्या, सडपातळ घोडीवर पुढून खाली बसत होतं आणि थेट हाडाला लागत होतं. पॅडने उलट केलं. तो पाठीवरून ताणून बसला, मधली पोकळी बुजली आणि दाब तिथेच आला. मराठीत खोगीरभरती हा शब्द का आहे ते तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी मेलेल्या कातडीचा बुचासारखा घट्ट तुकडा कापून काढला. जखम मिठाच्या पाण्याने धुवायची, माश्या बसू द्यायच्या नाहीत आणि पूर्ण भरेपर्यंत पाठीवर काही ठेवायचं नाही. अख्खा एप्रिल आणि मे ती तबेल्यात उभी होती. सीझन गेला. तशीच जुंपली असती तर तो गुन्हाच होता, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा जखमी जनावराला कामाला लावणं दंडनीय ठरवतो. मार्चमध्ये मी तेच केलं होतं.

आता माझी सवय अशी. खोगीर उतरवलं की आधी घामाचा ठसा बघतो. सगळी पाठ ओली आणि मधेच एखादी जागा कोरडी असेल तर तिथे दाब असू शकतो. सूज कधी कधी काही तासांनी चढते, म्हणून रात्री पुन्हा हात फिरवतो. कपडा घातल्यावर तो खोगिराच्या मधल्या पोकळीत वर ओढून घेतो, पाठकण्यावरून उजेड आरपार दिसला पाहिजे. आणि घोडं बघायला गेलो तर झूल काढायला लावतो, ओलं पांढरं फडकं पाठीवर घासतो, केस उलटे करून मुळं बघतो, कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेतो. पक्का कलप फडक्याला लागत नाही, पण मुळं आणि निबर कातडी लपत नाहीत. भोवरे मग बघतो, वेळ उरला तर.

गेल्या मार्गशीर्षात त्याच दलालाचा फोन आला. घोडी द्यायची असेल तर यात्रेला घेऊन या, 60 हजारांत गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, पाठीवर पांढरं आलंय, झाकत नाही.

"त्याचं टेन्शन घेऊ नका भाऊ," तो म्हणाला, "तुमच्या आधीच्यालाही तेच वाटलं होतं."