अहवालात १६ टक्के प्रथिनं, पोत्यात युरियाचं पाणी

जत तालुक्यात माझं बंदिस्त मेंढीपालन आहे. चार-साडेचार महिन्यांची माडग्याळ जातीची नर कोकरं विकत घ्यायची, खाऊ घालून अंगाला भरवायची आणि बकरी ईदच्या आधी विकायची. यंदा ३२ होती. सरकी पेंड परवडेना, म्हणून 'प्रक्रिया केलेलं सोयाबीनचं भुसकट' (म्हणजे युरियाचं पाणी शिंपडून, झाकून मुरवलेलं) विकणाऱ्या एकाकडून ४० किलोची ५० पोती घेतली. १४ रुपये किलो. २८ हजार फोनवरून आगाऊ पाठवले, बिल मागितलं नाही.

त्यानं प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला होता. प्रथिनं १६ टक्के. त्यावरच मी भुललो. तो अहवाल खोटा नव्हता, हे नंतर कळलं, आणि मुख्य त्यासाठीच हे लिहितोय.

प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे १०० किलो भुसकटावर ४ किलो युरिया नुसता शिंपडला तरी कागदावर अकरा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं वाढतात. भुसकटाची मूळची चार-पाच धरा, झाले १६! खरी प्रक्रिया झाली असती तर युरियाचा अमोनिया होऊन त्यातला बराचसा ढीग उघडल्यावर उडून गेला असता आणि आकडा खूप खाली आला असता. तो चढा आकडाच पुरावा होता.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. युरियाचं पाणी झिरपून पोत्याच्या तळाशी साचलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तळातलं भुसकट गव्हाणीत पडलं. अर्ध्या तासात कोकरं थरथरायला लागली, पोटं फुगली, तोंडाला फेस आला. डॉक्टर येईपर्यंत तीन गेली. त्यांनी बाकीच्यांना व्हिनेगर आणि थंड पाणी पाजलं, तरी संध्याकाळपर्यंत आणखी दोन गेली. सगळ्यांना रेटून गव्हाणीवर आधी येणारी, सगळ्यात तगडी तीच होती. त्यांची तडफड अजून डोळ्यांपुढून जात नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या कोकरांना युरियाचा चारा द्यायचाच नसतो, हे डॉक्टरांकडून त्या दिवशी कळलं. विकणारा म्हणाला होता, "कुठल्याही वयाला चालतंय." आता त्याचा फोन बंद आहे. पोत्यावर ना नाव, ना पत्ता. त्यातलं एक किलो भुसकट दोन दिवस उन्हात वाळवलं तर जेमतेम ७०० ग्रॅम भरलं. पाण्यालाही मी १४ रुपये किलो मोजले होते.

असा माल कुणी दारात आणला तर पोतं तळापर्यंत ओतून बघा. प्रक्रिया झालेलं भुसकट तपकिरी आणि मऊ पडतं, ताजं उघडलं की वासानं डोळे चुरचुरतात. माझं मात्र फिकटच होतं, काडी कडकन मोडणारी. तळाशी पांढरे खडे दिसले तर पोतं परत करा. अहवाल दाखवला तर युरियाची वेगळी तपासणी केली आहे का, ते विचारा.

त्यापेक्षा घरीच करा. १०० किलो भुसकटाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, तुडवून दाबायचं, प्लास्टिकनं हवाबंद झाकायचं आणि २१ दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवायचं आणि मोठ्या जनावरांनाच थोडं थोडं वाढवत द्यायचं. युरियाचं पाणी उघड्या बादलीत ठेवू नका, जनावर पिऊन टाकतं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. एका पोत्याचा तळ तसाच बांधून ठेवलाय.