गाडी तापतेय? थर्मोस्टॅट बदलण्याआधी प्रेशर टेस्टर लावा

चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीत जातो, की पर्वरीच्या कोंडीत उभं असताना? आधी एवढं नक्की करा. उभ्या गाडीत तापत असेल तर संशय फॅनवर, त्याच्या रिलेवर (फॅन चालू करणाऱ्या विजेच्या स्विचवर) किंवा खाऱ्या वाऱ्याने कुजलेल्या रेडिएटरच्या जाळीवर. चढावर तापत असेल तर चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) नाहीतर वॉटर पंप. पण कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्राव, वरचेवर कमी होत असेल, तर अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा हातपंपाने दाब देऊन गळती शोधणारा हा २८ तुकड्यांचा प्रेशर टेस्टर संच नक्की घ्यावा.

इंजिन पूर्ण थंड हवं आणि कुलंट काठोकाठ. रेडिएटरच्या किंवा कुलंटच्या टाकीच्या टोपणाच्या जागी संचातला अडॅप्टर बसवा. टोपणावर छापलेल्या आकड्यापर्यंतच दाब द्या. बऱ्याच गाड्यांना तो ०.९ किंवा १.१ बार असतो. त्यापुढे पंप मारलात तर जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जोडावर फुटू शकते. मग १५ मिनिटं थांबा. टेस्टरचा काटा उतरला तर टॉर्च घेऊन होसच्या क्लिपा, टाकीचा जोड आणि वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक बघा. त्या भोकापासून सुकलेल्या कुलंटचा ओघळ खाली गेलेला दिसला, की पंपाचं सील गेलं समजा. बाहेर सगळं कोरडं आणि काटा तरी उतरतोय? मग हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) किंवा हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील). डॅशबोर्डखालचं कार्पेट हाताने चाचपा. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढा. एकच प्लग ओला किंवा धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर पाणी त्याच सिलिंडरात उतरतंय.

याच पंपावर टोपणही तपासता येतं, आणि ते कुणी तपासत नाही. १ बार दाबाखाली साधं पाणी १२० अंशांना उकळतं, टोपण सैल असेल तर १०० लाच. बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी उकळते ती अशी.

संचात उणी बाजू रबरी वॉशरांची. तेच गळले तर काटा खोटं सांगतो, म्हणून अडॅप्टरच्या जोडावर आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. आपल्या गाडीच्या टाकीला पेचाचं टोपण असेल तर त्या मापाचा अडॅप्टर संचात आहे का, हे घेण्याआधीच पाहा. गरम झाल्यावरच उघडणारं हेड गास्केट यात सापडत नाही. त्यासाठी निळ्या द्रावाची गॅस टेस्ट वेगळी करावी लागते. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर तो द्राव पिवळा होतो.

काम झाल्यावर बटणाने दाब सोडूनच अडॅप्टर काढा. कमी झालेलं कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळून भरा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मात्र घालू नका, त्यातलं मीठ रेडिएटर आतून खातं.